लग्नाची कॅसेट

"अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा गडग्यापाशी या. काल विचारत होतात ना, सनई कुठे वाजतेय? आमच्याच लग्नातली हो. धाकटा लग्नाची कॅसेट कंप्युटरवर घेतोय."

"अगंबाई, चालते अजून? आणि व्हीसीआर कुठून पैदा केलात ताई?"

"नणंदेच्या माळ्यावर पडला होता. नवा कुठला मिळायला! ती फुनाई म्हणून जपानी कंपनी शेवटपर्यंत बनवत होती, तिनेही २०१६ साली हात टेकले. पण तुमच्या कॅसेटी काढाल तेव्हा आधी आतली फीत नीट बघा हं. आपला इथला पावसाळा! गुंडाळीवर पांढरं काही दिसलं की समजा बुरशी. तशीच आत सारलीत तर हेडला लागते आणि मागून घातलेली चांगली कॅसेटही नासते. मुंजीच्या कॅसेटला आलीय, ती बाजूलाच ठेवलीय. आणि कडेची ती चिमुकली पट्टी असते ना, ती तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जात नाही."

"खर्च बराच येत असेल?"

"छे हो. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, ती एका बोटभर डबीत आणि डबी कंप्युटरला. वेळ मात्र खाते. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास बसायचं. मोबाइलवरून फोटो पाठवले आणि झालं, असं नाही. मध्येच लाइट गेली की परत पहिल्यापासून गणपतीपूजन! शिवाय जागाही लागते. ते डीव्ही की काय म्हणतात, त्यात तासाला १३ जीबी जातात. धाकटा म्हणतो, आधी जसंच्या तसं मोठंच घ्यायचं, लहान करायचं ते अगदी शेवटी."

"दिसतं कसं पण?"

"आहे तसंच, जरा पुसट. पण कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. म्हणे जुन्या टीव्हीला सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. कंप्युटर दोन्ही एकदम दाखवतो. डीइंटरलेस केलं की जातात रेघा. ते सगळं ठीक. भांडण वेगळंच आहे."

"कसलं?"

"हा म्हणतो, आहेराची रांग कापू, बघणाऱ्याला कंटाळा येईल. म्हटलं, खबरदार! त्या रांगेत अख्खी आळी आहे. अर्धी माणसं आता नाहीत, त्यांचा दुसरा फोटोसुद्धा कुणाकडे नसेल. कापायचंच तर तो बदाम काप. व्हिडिओवाल्याने आम्हा दोघांना बदामात घालून गरगर फिरवत ताजमहालावर नेऊन बसवलंय. आणि गाणी! विधी चाललाय तरी वर सिनेमाचं गाणं. मी उखाणा घेतेय, तोंड हलतंय, ऐकू येतोय कुठलातरी हिरो."

"गाणं काढता नाही येत?"

"कसलं येतंय! गाणं भरताना खालचा आवाज पुसूनच टाकलाय मेल्याने. एका जागी तेवढा विसरलाय. तिथे सासूबाई, 'मठ्ठा उन्हात कुणी ठेवला गं?' अशा खणखणीत! सगळे उठून बसलो. तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावायला लावते मी."

"आमचे हे असतील ना हो त्यात?"

"असतील म्हणजे? पंगतीत जिलब्या वाढतायत! डोक्यावर काय केस, वहिनी, ओळखणार नाही तुम्ही. तुमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. एकाच पानाशी फिरून फिरून येतात, दुसऱ्या कुणाला दुसऱ्यांदा विचारत नाहीत."

"कुणाचं पान ते?"

"आज रात्री या की. पेनड्राइव्ह आणा, बत्तीस जीबीचा तरी."

"ह्यांनाही घेऊन येते."

"नको, नको. आधी तुम्ही एकट्याच या."