गंजाचा विनियोग, अथवा छायाचित्रास पोत चढविण्याचा विधी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीलगत ज्याची हयात गेली त्याला गंज ही वस्तू विकत आणावी लागत नाही. आणि म्हणूनच, गुळगुळीत छायाचित्रास भारदस्तपणा यावा म्हणून त्यावर जुनेपणाचा पोत, म्हणजे कारागिरांच्या बोलीत टेक्सचर, चढवू इच्छिणाऱ्या नवशिक्याने तयार माल उतरवून घेण्याचा दरिद्री मार्ग न धरता, प्रथम एखाद्या बंद शेडचा पत्रा गाठावा. कॅमेरा पत्र्यासमोर सरळ धरावा, आभाळ ढगाळ असावे, आणि रखवालदाराने हटकल्यास आपण कारखाना निरीक्षकाच्या कचेरीतून आलो आहोत अशी थाप मुळीच मारू नये. फाटक तत्काळ बंद होते. गंजाचे फोटो काढतो आहे, हे सत्य सांगावे. वेडा समजून सोडून देतात.

घरी आल्यावर पोताचा रंग काढून तो करडा करावा आणि मूळ चित्रावर दुसरा लेयर म्हणून अंथरावा. खालचा मनुष्य समूळ नाहीसा होईल, परंतु घाबरू नये. ह्या उभयतांत तह घडवून आणणारा कारभारी म्हणजे ब्लेंड मोड. त्यांपैकी ‘मल्टिप्लाय’ हा वृत्तीने सावकार: काळ्यास शून्य व पांढऱ्यास एक मानून तो दोन्ही लेयरांच्या उजेडाचा गुणाकार करतो, त्यामुळे अर्ध्याला अर्धा मिळूनही पदरी पावच पडतो, आणि निखळ पांढरे तेवढे बिनदंड सुटते. डाग, शाई, सुरकुत्या त्याच्या हवाली कराव्यात.

‘स्क्रीन’ नेमका उलट. तो काळे सोडतो आणि उजेड राखतो. ही हिकमत मात्र संगणकाची नव्हे. काळ्या पडद्यापुढील वस्तू त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा टिपली असता काळा भाग काहीच उमटवीत नाही व वस्तू तेवढी अधांतरी प्रकटते, हे सातपुरावरून जाणाऱ्या त्र्यंबक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना पुरते ठाऊक होते. आणि चूक रद्द करण्याचे बटण त्यांच्यापाशी नसल्यामुळे, फिल्म बिघडली की देवास पुन्हा पहिल्यापासून प्रकट व्हावे लागे. फोटोशॉपात लेयर आले ते 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. फाळक्यांना जाऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

उरला ‘ओव्हरले’. खालचे चित्र जेथे गडद तेथे तो मल्टिप्लायची बाजू घेतो, जेथे उजळ तेथे स्क्रीनची, आणि पोत बरोबर मधल्या करड्या छटेचा असेल तर सरकारी अभिप्रायाप्रमाणे काहीच करीत नाही. ‘सॉफ्ट लाइट’ हा त्याचाच सौम्य चुलतभाऊ. नवशिक्याने आरंभ त्याच्यापासून करावा.

प्रस्तुत लेखकाने तो तसा केला नाही. मामांच्या सेवानिवृत्तीच्या फलकासाठी, एका कारखान्यात लेथवर अख्खा जन्म काढलेल्या त्या मुखावर, औचित्य साधावे ह्या उदात्त हेतूने अस्सल सातपुरी गंज मल्टिप्लायने, ओपॅसिटी, म्हणजे लेयरचा दाटपणा, शंभर टक्के ठेवून, चढविण्यात आला. फ्लेक्स छापून आला, त्यात छपाईने आणखी काळोखाची भर घातली. मामी चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, “अरे, ह्यांना देवी कधी आल्या होत्या?”

तेव्हापासूनचा दंडक असा: ओपॅसिटी पंधरा-वीस टक्क्यांवर आणावी, आणि चेहऱ्यापुरता लेयरला मास्क लावून, काळ्या ब्रशाने पोत हटवावा. गालांवरून हटवताना कंजूषी करू नये. मूळ फाइल कोणत्याही सबबीवर पुसू नये.

तो फलक लागला नाही. मामींच्या बैठकीत आज जो फोटो आहे तो कारखान्याच्या जुन्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्याच्या खांद्यावर कचेरीचा जांभळा, अर्धा गोल शिक्का उमटला आहे, आणि शाईचा असल्यामुळे तो अस्सल मल्टिप्लाय आहे.