एटीएमच्या चार चिठ्ठ्या

"मावशी, विरजण आहे का थोडं? आमचा फ्रीज दिवाळीपासून बंद, दही पार आंबलं. आणि भिंतीपाशीच या, घरात बोलण्यासारखं नाही."

मावशी आल्या. वाटी न घेताच आल्या.

"काल ह्यांची सायकलची जर्सी धुवायला घेतली. तिला पाठीवर खिसे असतात, माहितेय ना? त्यातून काय निघालं असेल? एटीएमच्या चार चिठ्ठ्या! वरचीच बघितली तर कोल्हापूर, रात्री एक वाजून बावीस मिनिटं."

"अगं, पण तो तर सायकलीवर गेला होता ना?"

"सायकलीवरच."

"मग रात्री एकला कोल्हापुरात पैसे कशाला लागले?" मावशींनी पदर खोचला.

"पैसे नाही काढले, नुसती शिल्लक बघितली. जिथं शिक्का मारायला माणूस नसतो, तिथं पोचल्याचा पुरावा म्हणून एटीएमची चिठ्ठी चालते म्हणे. गाव, तारीख, वेळ, सगळं तिच्यावर छापून येतं. हे मला ह्यांनी सांगितलं. म्हणजे मी विचारल्यावर सांगितलं."

"हं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या 'हं'ला पोलीसपाटलाचा वास येतो.

"ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या ह्या लांबच्या सायकलफेऱ्या, बीआरएम म्हणतात त्यांना. नियम पॅरिसच्या क्लबचे, घाट आपले. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४०. ह्यांची ही ६००ची होती. शनिवारी सकाळी सहाला निघाले, रविवारी रात्री दहाच्या आत परत. ते आले नऊ वाजून चाळीस मिनिटांनी."

"कितवा आला?"

"नंबर नसतो."

"बक्षीस?"

"पदक असतं. त्याचे पैसे आपणच भरायचे."

मावशी भिंतीला धरून हसल्या. मीही हसले. इतक्या दिवसांत मोकळेपणानं हसायला कुणी मिळालं नव्हतं.

"आणि रस्ता कुठला म्हणाल? सुरूर फाट्याला हायवे सोडायचा, वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाटानं खाली मेढ्याला, तिथून सातारा, कराड, कोल्हापूर. आणि आल्या वाटेनं परत."

मेढा म्हटल्याबरोबर मावशींचं हसू थांबलं. माहेर आहे ते त्यांचं. "म्हणजे येताना केळघर चढायचा? अगं, लहानपणी आमची एसटी त्या घाटात अशी कण्हायची, की मी आईच्या मांडीत तोंड लपवायची. मागे गाडी तरी ठेवलीस का?"

"चालत नाही. मागून कुणी गाडी आणायची नाही, मदत घ्यायची ती कंट्रोलवर, म्हणजे त्या शिक्क्याच्या ठिकाणीच. पंक्चर आपण काढायचं, ट्यूब आपण बदलायची. स्वयंपाकघरातला बल्ब बदलायला तीन आठवडे लागतात, मावशी! गॅसचा सिलिंडर उचला म्हटलं की कंबर धरतात. मेथीच्या दोन जुड्या आणायला स्कूटर काढतात."

"ते राहू दे. रात्रीचं सांग."

"रात्री उसाच्या ट्रॉल्या. एकामागे एक दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही काही नाही, पण ट्रॅक्टरवर गाणी मात्र दणदणीत. हे म्हणतात, ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू यायचं, की लगेच ब्रेक दाबायचा. कोल्हापूरहून परत फिरल्यावर डोळे मिटायला लागले. रस्त्याकडेचं झाड वाकून नमस्कार करतंय असं दिसलं म्हणे. तेव्हा एका एटीएममध्ये शिरले आणि हेल्मेट उशाला घेऊन वीस मिनिटं फरशीवर झोपले. वॉचमननं हाकललं नाही. उलट वारा लागू नये म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं. घरी माझ्या बांगड्या वाजल्या तरी ह्यांची झोप मोडते!"

"आणि घाट?"

"मेढ्याला पोचले तेव्हा साडेअकरा. तिथली मुदत बाराची. पोटात काय, तर उकडलेले बटाटे आणि चिक्की. ऊन डोक्यावर. सगळ्यात हलका गिअर टाकूनही सायकल पुढे सरकेना, तेव्हा उतरून ढकलत निघाले. चालत गेलं तरी चालतं त्यांच्या नियमात. एका वळणावर एका बाईनं हाक मारून बसवलं, तांब्याभर ताक दिलं. पैसे देऊ केले तर ओरडली."

"कुठल्या वळणावर?"

"ते कसं सांगतील? एक झाड होतं म्हणाले."

"जांभळाचं असणार. मग ती आमच्या चुलतभावाची सूनच." मावशींना पुरावा लागत नाही. "ताक मिळालं म्हणून आला घाट चढून. पुढच्या वेळी सांगून ठेवते, भाकरीपण देईल."

"पुढची वेळ आहेच की! २०२७ला पॅरिसला जायचं डोक्यात आहे. पॅरिसहून ब्रेस्ट आणि परत, १२०० किलोमीटर, ९० तास. १८९१ साली पहिल्यांदा झाली ती, तेव्हा खरीखुरी शर्यत होती. शार्ल तेराँ नावाचा कुणी गडी ७१ तासांत परत आला म्हणे. आता तिथंही नंबर नाही. चार वर्षांतून एकदा भरते, आणि त्याच वर्षी २००, ३००, ४००, ६०० अशा चारही पुऱ्या केल्या तरच जायला मिळतं. गावोगावचे लोक रात्रभर रस्त्यावर टेबल मांडून कॉफी देतात. तिच्या नावाचा चाकासारखा गोल केकसुद्धा आहे."

"केक खायला इतकं लांब जायचं?"

"तेच मी म्हटलं. पण खरं सांगू? अजून ह्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. हँडलवर भार टाकून टाकून नस दबते. आज सकाळी ऑफिसला जाताना शर्टाची बटणं मी लावली. बसतातसुद्धा असे एका अंगावर."

"हळद-दूध दे," मावशी म्हणाल्या. जरा वेळ गप्प बसल्या. मग एकदम आठवल्यासारखं, "काय गं, त्या चिठ्ठीवर शिल्लकपण छापून येत असेल ना?"

मी आजूबाजूला बघितलं आणि कमरेची चिठ्ठी काढून भिंतीवरून पलीकडे दिली. मावशींनी गळ्यातला चष्मा चढवला. आकडा बोट ठेवून वाचला. परत वाचला.

"आणि फ्रीजला पैसे नाहीत म्हणाला होता?"

"दोनदा."

मावशींनी चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या मुठीत कोंबली. "ही जपून ठेव. आणि घ्यायचाच तर दोन दारांचा घे."