मुंबईवाले मामा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या जिल्ह्याला साऱ्या पृथ्वीतलावर एकाच गावाची थोडी धास्ती वाटते, ते म्हणजे मुंबई. जर्मनीला जायचं ठरलं तर परभणीचा माणूस पासपोर्ट काढून मोकळा होईल. मुंबईला पहिल्यांदा निघायचं झालं, की मात्र आधी एक माणूस गाठावा लागतो. हा माणूस जिंतूरला असतो, सेलूला असतो, गंगाखेड, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा अशा सगळ्या तालुक्यांत असतो. परभणी शहरात तर गल्लीला एक. त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, गाव त्याला 'मुंबईवाले मामा' म्हणतं.

मामा मुंबईत राहत नाहीत. कधी राहिलेलेही नाहीत. तीच त्यांची पात्रता. मुंबईत वाढलेल्या माणसाला 'लोकल कशी पकडायची?' असं विचारलं तर तो गोंधळतो. श्वास कसा घ्यायचा हे कुणी कुणाला समजावून सांगितलंय? मामांनी मात्र मुंबई धक्के खाऊन, पाठांतर करून मिळवलेली असते, आणि पाठ केलेली गोष्ट म्हणून दाखवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

त्यांचं कार्यालय म्हणजे स्टेशन रोडवरचं एखादं चहाचं हॉटेल. शेजारच्या बाकड्यावर कुणी 'उद्या मुंबईला जायलोय' असं पुटपुटलं, की मामांच्या हातातला कप जागीच थांबतो. पहिला प्रश्न ठरलेला, "कोणत्या गाडीनं?" उत्तर काहीही द्या, त्यात खोट निघते. देवगिरी म्हटलं तर, "रिझर्वेशन हाय का? नाही? मग उभ्यानं मुंबई बघशील." नंदीग्राम म्हटलं तर, "ती वरूनच भरून येती." तपोवन म्हटलं तर मामा मान हलवतात, "ती रात्री पोचवती. पैल्यांदा जाणाऱ्यानं मुंबई अंधारात बघू नाही, हाय त्याच्या दुप्पट दिसती." ट्रॅव्हल्सचं नाव काढलं तर मामा नुसते हसतात. अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, पण ते कापायची एकही निर्दोष पद्धत मामांना अजून सापडलेली नाही.

या जिल्ह्याला मोठ्या शहराची माहिती देणारा माणूस नवीन नाही. फक्त पूर्वी शहर दुसरं होतं. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात आणि पुढं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. कोर्टकचेरी, कॉलेज, मोठा दवाखाना, सगळं हैदराबादला. तेव्हाचे मामा काचीगुडा स्टेशनावर उतरून कुठं वळायचं हे सांगत असणार. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानी एका रात्रीत उलट दिशेला सरकली. जुन्या मामांचं ज्ञान वाया गेलं, नव्या मामांची भरती सुरू झाली. तेव्हा लाईन मीटरगेज होती, त्यामुळं मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला गाडी बदलावी लागे. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, गाड्या थेट जाऊ लागल्या. तरी मामांच्या जुन्या पिढीतले काही जण 'मनमाडला सामान मोजून घे' हे वाक्य अजून सोडत नाहीत.

आता खरी गंमत. मामा कितीही असले तरी प्रत्येकाची मुंबई वेगळी असते, कारण परभणीचा माणूस मुंबईला फिरायला जात नाही, कामाला जातो. काम जिथं असेल तेवढीच मुंबई त्याला दिसते, आणि उरलेली मुंबई तो त्यावरून ताडतो.

मंत्रालयवाल्या मामांचं उदाहरण घ्या. पाझर तलावाचा मोबदला, बदली, संस्थेची मान्यता अशा फायलींमागं त्यांनी नरिमन पॉइंटाचा फुटपाथ झिजवलेला असतो. सर्वसामान्यांना मंत्रालयात प्रवेश दुपारी दोननंतर. त्यामुळं मामांचा सिद्धान्त असा, की मुंबईत दोनच्या आधी काहीच होत नाही. आकाशवाणी आमदार निवासात कुणाच्या खोलीत चटई टाकायला मिळते, हे त्यांना तोंडपाठ. पाससाठी खिडकीवर कसं उभं राहायचं याचं त्यांचं एक शास्त्र होतं. २०२५ मध्ये 'डिजीप्रवेश' ॲप आलं, चेहरा दाखवून आत सोडू लागले, आणि ते शास्त्र बुडालं. आता मामा पोरांना ॲप टाकून मागतात आणि वर सांगतात, "फोटो काढताना हसू नको, काम हाय असं तोंड कर."

भरतीवाले मामा वयानं तरुण. पोलीस भरतीला गेलेले, मैदानाबाहेर फुटपाथवर रात्र काढलेले. त्यांच्या मते मुंबईत माणसं पहाटे चारला उठून पळतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर आझाद मैदानावर मराठा आंदोलनाला गेलेल्यांतून मामांची एक ताजी तुकडी तयार झाली. त्यांच्या मुंबईत सारखा पाऊस पडतो, झोपायला सीएसएमटी स्टेशन असतं आणि भाकरी गावाकडून येते. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या मामांना विचारा. दादर स्टेशन ते शिवाजी पार्क हा रस्ता ते डोळे झाकून चालतील. त्यांची मुंबई म्हणजे पुस्तकांच्या दुकानांची रांग. जाताना धपाट्यांनी भरलेली पिशवी येताना ग्रंथांनी भरून येते, आणि मामा कौतुकानं सांगतात, "लै वाचणारं शहर हाय."

टाटावाल्या मामांची मात्र कुणी थट्टा करत नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे, आणि तिथल्या फुटपाथवर मराठवाड्यातलं कुणी भेटलं नाही असा दिवस विरळा. म्हणून हे मामा म्हणतात, "मुंबईत समदे गावाकडचेच असतेत." पण त्यांची माहिती बावनकशी. रेशन कार्ड, आधार, जुने रिपोर्ट, प्रत्येकाच्या झेरॉक्स पाच. महात्मा फुले योजनेचं विचारायचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करायची. पेशंटला काय सांगायचं नाही, हेही ते हळूच बाजूला घेऊन सांगतात. या मामांकडं येणारा माणूस चहाचे पैसे द्यायला गेला, तर ते त्याचा हात धरतात.

एकाच हॉटेलात दोन मामा जमले, की ऐकणाऱ्याची पंचाईत होते. कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या एका पोराला अंधेरीच्या कंपनीत मुलाखत आहे, एवढंच बाहेर येतं, आणि दोन्हीकडून मारा सुरू होतो. "व्हीटीला उतर, तिथून बस." "येडा का काय! दादरला उतर, पूल चढ, वेस्टर्नला जा." पोरगं बिचारं हळूच सांगतं, की व्हीटीचं १९९६ लाच छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. मामा डोळे वटारतात, "नाव बदललं, जागा तीच हाय ना?" त्यांच्या तोंडी एल्फिन्स्टनही अजून आहे, जे २०१८ पासून प्रभादेवी झालंय. ते ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं वर्णन करतात ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि ज्या डिझेलच्या दुमजली बसच्या वरच्या पहिल्या बाकावर बसायचा ते आग्रह करतात तीही त्याच वर्षी सप्टेंबरात. बेस्टचं पाच रुपयांचं तिकीट मे २०२५ मध्ये दहाचं झालं. मामांना हे सांगू नये. सांगितलंच, तर ते म्हणतात, "तुला पाहून वाढवलं आसंल."

पण उतरायचं कसं, या विषयात मामांचा हात कुणी धरू शकत नाही. ते उठतात. हॉटेलातलं लांब बाकडं ही लोकल. पोराला मध्ये उभं करतात, दोन गिऱ्हाईकांना पुढं, तिघांना मागं. "पिशवी पाठीवर नाही, पोटावर. हां. आता परळ गेलं समज." (अंधेरीच्या वाटेवर परळ लागत नाही, पण मामांच्या लोकलला ते लागतं.) "दादर आल्यावर उठायचं नसतं, आधीच दाराकडं सरकायचं. म्होरच्याला विचारायचं, 'दादर?' त्यानं मान हलवली की त्याच्या मागं चिकटायचं. गाडी पुरती थांबल्याबगर पाय खाली टाकायचा नाही. आन् मग तू काई करू नको. उरुसाच्या शेवटच्या रात्रीची गर्दी धर, ती समदी एका दारातून निघाली की कसं होईल? दादरला आपण उतरत नसताव, आपल्याला उतरवतेत." या वाक्याला मागचे तिघे खरोखरच ढकलतात, बाकडं कलतं, कुणाचा तरी चहा सांडतो, आणि हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडतो, "मामा, तुमचं दादर बाहेर न्या!"

मग चिठ्ठी. कृषी सेवा केंद्राच्या पावतीच्या मागं मामा मुद्दे काढतात. पैसे तीन जागी ठेव: खिशात, पिशवीत, बनियनच्या चोरखिशात. तिकिटाशिवाय चढू नको, २५० रुपये दंड आणि वर भाडं. डब्यात चढायच्या आधी दाराजवळ काय लिहिलंय ते वाच. फर्स्ट क्लास, महिला, अपंग हे तीन डबे आपले नाहीत. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचा विचार मनातही आणू नको. रिक्षावाल्याशी घासाघीस नको, तिथं मीटर असतो. वांद्रे आणि शीवच्या पुढं दक्षिणेला रिक्षा मिळत नाही, तिकडं टॅक्सी. पत्ता चालत्या माणसाला विचारू नको, तो थांबत नाही, टपरीवाल्याला विचार. 'किती लांब?' म्हटलं तर तो किलोमीटर सांगणार नाही, मिनिटं सांगेल. त्याची दुप्पट धर.

चिठ्ठीच्या तळाशी एक फोन नंबर असतो. मामांच्या चुलतमावशीचा मुलगा दिव्याला राहतो. दहा बाय दहाची खोली, माणसं पाच. "जा त्याच्याकडं, माझं नाव सांग." त्या मुलाला सहा वर्षांत मामांनी एकदाही विचारलेलं नसतं, आणि त्यानं एकदाही नाही म्हटलेलं नसतं. पोरगं निघतं त्या रात्री मामा स्टेशनावर हजर. जनरलच्या डब्याशी रेटारेटी करून खिडकीतून आधी पिशवी आत टाकतात, मग पोराला दारातून. गाडी हलल्यावरही खिडकीबरोबर चालत चिठ्ठीतला चौथा मुद्दा पुन्हा सांगतात.

सकाळी हॉटेलात मामांचा फोन वाजतो. ते स्पीकर लावतात.

"मामा, दादरला उतरलाव."

"उतरलास का उतरवलं?"

"उतरवलं."

हॉटेलात समाधानाची लाट पसरते.

"पर मामा, तुमी सहा नंबर म्हणले व्हते. इथं बारा लिहिलंय."

मामा क्षणभर गप्प. पूर्वी दादरला फलाटांचे नंबर दोनदा यायचे, मध्य रेल्वेचे वेगळे, पश्चिमचे वेगळे, आणि हा घोळ सोडवून सांगण्यात मामांची हयात गेलेली. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनं सरळ एक ते चौदा करून टाकलं. पश्चिमचे सात तसेच राहिले, मध्यचे आठपासून सुरू झाले, आणि जुना सहा आता बारा आहे. मामांचं अर्धं भांडवल त्या एका पाटीखाली गाडलं गेलं, आणि ते त्यांना आज कळतंय.

"बराबर हाय," मामा शांतपणे म्हणतात. "आता पूल चढ, सातच्या खालचा कोणता बी नंबर आपलाच. बोरिवली लिहिलेली धीमी पकड."

दुपारी नव्या गिऱ्हाईकाला मामा सांगत असतात, "दादरला आता एक ते चौदा सरळ नंबर केलेत. मला शंका व्हतीच, म्हून एक पोरगं पाठवून खात्री केली." कुणीतरी आरे ते कफ परेड अशा नव्या भुयारी मेट्रोचं काढतं. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण धावते, विधान भवनापाशी स्टेशन आहे, मंत्रालयवाल्यांची चांगली सोय. मामा कप खाली ठेवतात. "खाली मोबाईलला रेंज भेटत नाही म्हणतेत. सेलूचं एक पोरगं जायलंय सोमवारी. बघून घेऊ."