कावड मिळाली, पाणी कोण आणणार?

महाराष्ट्रात पंचाहत्तरी गाठली की एसटीचा प्रवास फुकट. ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट, त्यापुढे एक पैही नाही. कोल्हापूरच्या आजोबांच्या मनात आलं तर ते थेट गडचिरोलीला जाऊ शकतात. प्रश्न फक्त घरापासून स्टँडपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरचा आहे. तिथे फूटपाथ असलाच तर त्यावर वडापावची गाडी असते, गाडी नसेल तर उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि ब्लॉक धड असतील तर त्यावरून शॉर्टकट मारणारा दुचाकीस्वार. एवढं सगळं जिंकून आजोबा स्टँडवर पोचले की समोर लालपरीची पहिली पायरी उभी. ती चढवण्याची योजना अजून आलेली नाही.

रेल्वेचं बरंय. मार्च २०२० मध्ये तिने ज्येष्ठांची सवलत थांबवली आणि ती आजतागायत सुरू केली नाही. निदान आशा तरी लावून ठेवली नाही.

ही कसर भरून काढायला २०२४ मध्ये राज्यात ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना’ आली. साठीच्या पुढच्यांना माणशी ३०,००० रुपयांपर्यंत खर्चाची यात्रा. त्याच सुमारास ‘वयोश्री’ आली. पासष्टीपुढच्या गरजूंना एकदाच ३,००० रुपये. त्यात चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, जे लागेल ते घ्या. तीन हजारांत श्रवणयंत्र कुठे मिळतं हे दुकानदाराला विचारून बघा. तो काय म्हणाला ते ऐकू येणार नाही, ते एक बरं. थोडक्यात हिशेब असा, की देव बघायला तीस हजार आणि न पडता संडासात जायला तीन.

आपल्या राज्यात म्हाताऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला श्रावणबाळाचं नाव आहे. महिना १,५०० रुपये, म्हणजे रोजचे पन्नास. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला हवा. एवढ्या उत्पन्नात जगून पासष्टी गाठणाऱ्याला खरं तर पगारी सल्लागार नेमायला हवं. पण मुद्दा पैशांचा नाही, श्रावणबाळाचा आहे. त्याने आई-बापाला कावडीत बसवून तीर्थयात्रा घडवली, एवढी अर्धी गोष्ट सरकारच्या पक्की लक्षात राहिली. उरलेली अर्धी अशी, की आई-बापाला तहान लागली आणि तो पाणी आणायला गेला, तिथे बाण लागून मेला. सगळं अडलं ते घोटभर पाण्यापाशी. आजही तिथेच अडतं.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला घर कशामुळे सोडावं लागतं? दुर्धर आजाराने सोडावं लागतंच, पण त्याच्या कितीतरी आधी ते किरकोळ गोष्टींनी सुटतं. बाथरूममधला बल्ब गेलेला असतो आणि स्टुलावर चढणारं कोणी नसतं. सिलिंडर बदलायचा असतो. बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून औषधाच्या दुकानापर्यंत उतरता येतं, चढताना प्राण कंठाशी येतात. मग महिनाभर रक्तदाबाची गोळी एकाआड एक घेतली जाते. मग एके दिवशी चक्कर येते. मग बोस्टनमधला मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, ‘आई, आता तुझं एकटीने राहणं काही खरं नाही.’ आणि चाळीस वर्षांचा संसार दोन बॅगांत भरला जातो. कारण काय, तर बल्ब.

या किरकोळ कामांसाठी सरकार घरी येऊ शकत नाही, यंत्रणा नाही, असं सांगतात. हे मात्र खोटं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पंचाऐंशीच्या वरच्या मतदारांकडे सरकार घरी आलं होतं. आधी अर्ज भरून घेतला, मग कर्मचारी आले, पोलीस आले, व्हिडिओवाला आला, मतपत्रिका आली. बिनलिफ्टचे जिने सगळे चढले, कोणाचे गुडघे दुखले नाहीत. निवडणूक होती नोव्हेंबरात. आणि नोव्हेंबर हाच निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना! म्हणजे ज्या आजींचं मत सरकारने घरी येऊन, चित्रीकरण करून, सहीनिशी नेलं, त्याच आजींना त्याच महिन्यात सरकारने विचारलं, ‘आपण जिवंत आहात का? पुरावा द्या.’

आता तिरकसपणा जरा बाजूला ठेवतो, कारण घरपोच सोयी कागदावर खरंच आहेत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, की सत्तरीपुढच्या ग्राहकांना रोख रक्कम घरी पोचवा, घरून न्या, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखलाही घरीच घ्या. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत डिजिटल हयातीचा दाखला काढून देतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो निघतो. (मोबाइल धरणारा, डोळे मिचकवा म्हणून सांगणारा आणि ओटीपी वाचून दाखवणारा नातू सोबत येत नाही, एवढंच.) पण हे आजींना सांगणार कोण? बँकेत विचारलं तर काउंटरवरचा मुलगा शेजारच्याकडे बघतो, शेजारचा मॅनेजरच्या केबिनकडे बघतो, आणि मॅनेजर मीटिंगमध्ये असतात. सोय आहे हे कळायला आधी बँकेत जावं लागतं आणि बँकेत जाता येत असेल तर सोय लागतच नाही.

ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४५६७. क्रमांक पाठ करून ठेवा, उपयोगी आहे. कायद्याची माहिती मिळते, कोणी छळत असेल तर दखल घेतात, नुसतं मन मोकळं करायचं असलं तरी ऐकून घेतात. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. त्यामुळे बाथरूममध्ये पाय घसरायचाच असेल तर कृपया कामकाजाच्या वेळेत घसरवावा.

२००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची गोष्ट आहे. म्हणजे घर सुटल्यावर काय, याचा विचार झाला. सुटू नये म्हणून काय, याची जागा आदर्श नियमावलीतल्या एका कोपऱ्यात आहे. पोलीस ठाण्याने हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी, आणि महिन्यातून किमान एकदा पोलिसाने समाजसेवकाला घेऊन त्यांच्या घरी जावं. वाचताना डोळे पाणावतात. आपल्या ठाण्यात जाऊन यादी मागून बघा, कोरडे होतील.

ही पोकळी बाजाराने बरोबर हेरली. पैसेवाल्यांसाठी पुण्याच्या आसपास ज्येष्ठांच्या वसाहती आहेत, उतार आहेत, कठडे आहेत, बेल दाबली की माणूस हजर. मुंबईत २०२२ मध्ये रतन टाटांच्या गुंतवणुकीने ‘गुडफेलोज’ ही कंपनी सुरू झाली. पदवीधर तरुण पगारावर आजोबांशी गप्पा मारतात, कॅरम खेळतात. नाकं मुरडायचं कारण नाही. सख्खे नातू फुकटातही खेळत नाहीत.

ज्यांना हे परवडत नाही त्यांचं खरं सेवाकेंद्र कोणत्याच शासन निर्णयात नाही. ते म्हणजे कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातल्या काकू. आजोबांना तिखट चालत नाही हे त्यांना ठाऊक असतं, आणि दोन दिवस डबा न्यायला आले नाहीत तर त्या पोरग्याला बघायला पाठवतात. घराची किल्ली जिच्या पदराला असते ती कामवाली मावशी. कालचा पेपर दारातच पडलाय म्हटल्यावर बेल वाजवणारा पेपरवाला. उधारीच्या वहीसकट तिसऱ्या मजल्यावर येणारा किराणावाला. शहरातले हजारो म्हातारे यांच्या जिवावर स्वतःच्या घरात राहतात. यांना कोणी प्रशिक्षण दिलं नाही, मानधन दिलं नाही, १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला यांच्या हातात नारळसुद्धा पडत नाही. तो पडतो नगरसेवकाच्या हातात, बाकावर नाव घातल्याबद्दल.

ज्येष्ठ नागरिक संघ आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि पुष्कळ चांगलं काम करतात. फक्त एक अडचण आहे. जो संघाच्या हॉलपर्यंत चालत येऊ शकतो त्याच्यासाठी वाढदिवस, योगासनं, मधुमेहावर व्याख्यान असं सगळं आहे. जो येणं बंद झाला, त्याचं नाव पुढच्या वेळी थेट श्रद्धांजलीच्या यादीत वाचायला मिळतं. मधली चार-पाच वर्षं तो कुठे होता, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. केरळने नेमकी ही मधली वर्षं धरली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच अंथरुणाला खिळलेल्यांकडे जायचं काम सुरू केलं, राज्याने २००८ मध्ये त्याचं धोरण केलं, आणि आज तिथे पंचायतीची नर्स ठरल्याप्रमाणे घरी येते. रथ नाही, पताका नाही, उद्घाटनाची फीत नाही. पिशवी खांद्याला अडकवून बाई जिना चढते. आपल्याकडे अशी योजना आणायची झाली तर पहिली अडचण ही, की त्या पिशवीवर फोटो कोणाचा छापायचा.

तो निर्णय होईपर्यंत वाचकांनी एवढं करावं. घरात किंवा शेजारी सत्तरीपुढचं कोणी असेल तर त्यांच्या नावाने बँकेला घरपोच सेवेचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, पोलीस ठाण्याच्या यादीत त्यांचं नाव घालून यावं. आणि जिन्यात भेटले की ‘काय, तब्येत कशी?’ असं विचारून पुढे जाण्याऐवजी विचारावं, ‘बल्ब गेलाय का एखादा?’