दोन कारकुनांचे विमान

ज्या गावाला आगगाडी नाही त्या गावच्या रहिवाशाने विमानाची हौस बाळगू नये, असा काही शासकीय दंडक नाही. तसा तो असता तर सारी हयात महसूल खात्यात घालविलेल्या मजसारख्या मनुष्याच्या दप्तरात त्याचे परिपत्रक केव्हाच दाखल झाले असते. आमची वाशी ही धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माथ्यावरची, ज्वारीची आणि खव्याची वाशी. मुंबईलगत खाडीकाठी वसलेल्या त्या दुसऱ्या सधन वाशीशी तिचा नामसादृश्यापलीकडे कसलाही ऋणानुबंध नाही, आणि ही गोष्ट आम्हां वाशीकरांना परक्या मनुष्याशी बोलताना पहिल्याच वाक्यात नमूद करून ठेवावी लागते, कारण एरवी तो मोठ्या आपुलकीने लोकलच्या गर्दीची चौकशी करू लागतो. आमच्या तालुक्यातून आकाशात जे काही नियमाने जाते ते तेरखेड्याच्या कारखान्यांत तयार होणारे शोभेचे बाण, आणि तेही दिवाळीत व लग्नसराईत. जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ एक धावपट्टी आहे खरी. पण वाशीच्या रयतेने तिकीट काढून तेथून कोठे जावे अशी तजवीज अद्याप झालेली नाही.

अशा परिस्थितीत, पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने नवा संगणक घेताना आपला जुना ‘ड्युअल कोअर’ एस.टी.च्या पार्सलाने मजकडे रवाना केला, आणि त्यात ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ हा विमान चालविण्याचा हुबेहूब आभास निर्माण करणारा कार्यक्रमही काकांच्या विरंगुळ्यासाठी म्हणून ठेवून दिला, तेव्हा माझ्या चित्तवृत्ती कशा उल्हसित झाल्या असतील याची कल्पना पेन्शनर वाचकांना सहज येईल. या विद्येचा पूर्वेतिहासही मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या गृहस्थाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च परवडेना म्हणून या सुपुत्राने ऑर्गनचेच भाते आणि पंप वापरून जमिनीवरच डोलणारे, कलंडणारे एक लाकडी विमान १९२९ साली सिद्ध केले, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावरच तयार झाले. सारांश, आमच्या भजनी मंडळाची पेटी ज्या भात्यावर वाजते त्याच भात्यावर हे शास्त्र प्रथम उभे राहिले. पुढे ब्रूस आर्टविक या इलिनॉय विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने १९७५ साली आपल्या प्रबंधात संगणकाच्या पडद्यावर विमान उडवून दाखविले, १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याचा कार्यक्रम बाजारात आणला, आणि होता होता ऑक्टोबर २००६ मध्ये त्याचा ‘एक्स’ हा दहावा अवतार प्रकट झाला. माझ्या पदरी पडला तो हाच.

विमान सुरू झाले. निदान त्याचा आवाज सुरू झाला. पडद्यावरची धावपट्टी मात्र काही काळ निश्चल राहून एकदम पन्नास हात मागे सरकली, पुन्हा चिंतनात मग्न झाली, आणि मी उजवीकडे वळण्याचा हुकूम सोडल्यावर त्याची अंमलबजावणी इतक्या अवकाशाने झाली की तोवर डावीकडे वळणे जरूर होऊन बसले होते. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला त्या मूकपटांच्या काळातदेखील, हाताने यंत्र फिरवून का होईना, सोळाच्या आसपास चित्रे जात असत. माझे यंत्र सेकंदाला पाच चित्रे देई, आणि ढग आले की तीन. सौभाग्यवती दाराशी उभ्या राहून हा आकाशविहार काही वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, विमान जागच्या जागीच थांबलंय तोवर उतरून घ्या. दळण आणायचंय.”

आमच्याकडे एक तरुण कारागीर संगणक दुरुस्तीस येतो. कोणतीही व्याधी असो, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’ हा एकच काढा त्याच्या औषधालयात असल्यामुळे त्याने तो प्रथम सुचविला, मी नकार देताच डबीच्या बाजूला कान लावून पंख्याची नाडी पाहिली आणि निदान केले, “काका, ह्याच्यात दमच न्हाई राहिला. नवं घ्या.” हा सल्ला ऐकण्यास सोपा होता, परंतु त्या ‘दमा’चे मोजमाप घेण्याचे एक साधन खुद्द यंत्रातच असते, त्याचे नाव टास्क मॅनेजर, आणि ते उघडून पाहता मला मोठेच आश्चर्य वाटले. विमान गुदमरून पडत असताना यंत्राची शक्ती फक्त निम्मी खर्ची पडत होती! पन्नास टक्के! निम्मी ताकद शिल्लक असताना हा दम लागण्याचा देखावा कशासाठी?

ज्याने कधी कोणत्याही सरकारी कचेरीची तपासणी केली आहे त्याला याचा उलगडा होण्यास फार वेळ लागत नाही. ड्युअल कोअर म्हणजे एकाच दालनात बसविलेले दोन कारकून. कागदोपत्री दोघांचे वेतन सारखे, बुद्धी सारखी, टेबलेही सारखीच. परंतु आवक-जावक, फेरफार, सुनावणी, टाचण, अहवाल हे सारे पहिल्याच्याच पुढ्यात येऊन पडते आणि तो घामाघूम होऊन मान वर न करता लिहीत असतो, तर दुसरा ‘माझ्याकडे तो विषय नाही’ असे सांगून खिडकीबाहेर पाहत असतो. साहेबाने सरासरी काढली तर कचेरीचे काम पन्नास टक्के चालले आहे असेच दिसणार, आणि पक्षकाराला मात्र चार-चार महिने तारीख मिळणार नाही. आलेखातल्या दोन रेघांपैकी एक छताला टेकलेली आणि दुसरी तळाशी पहुडलेली पाहताच मी ती दोन माणसे ओळखली. आयुष्यभर मी त्यांच्याच शेजारी बसलो होतो.

यात दुसऱ्या कारकुनाचा सारा दोष आहे असेही नाही, आणि हे मी केवळ जुन्या सहकाऱ्यांच्या भिडेखातर म्हणत नाही. वैमानिकाचा हुकूम, वाऱ्याचा दाब, पंखांची उचल, विमानाचे नवे स्थान आणि त्या स्थानावरून दिसणारे दृश्य या गोष्टी एकीवर दुसरी अवलंबून असल्याने एकामागून एकच कराव्या लागतात. जे काम वाटून देता येत नाही तेच शेवटी साऱ्या कामाचा वेग ठरविते, हा सिद्धांत जीन अॅम्डाल नामक संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच मांडून ठेवला आहे. शिवाय काळाचाही फेरा होता. हा कार्यक्रम रचला जात असता पुढेपुढे एकच कारकून उत्तरोत्तर अधिक जलद लिहू लागेल अशी सर्वांची अटकळ होती. परंतु उष्णतेपुढे हात टेकून इंटेल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत रद्द केला आणि एकाला पळविण्याऐवजी दोघांना बसविण्याचे धोरण पत्करले. विमान तोवर जुन्या धोरणावर विसंबून बांधले जात होते. मे २००७ मध्ये त्यास पहिली दुरुस्ती-पुरवणी निघाली आणि तीत जमिनीची चित्रे तयार करून आणण्याचे काम दुसऱ्या कारकुनाकडे वर्ग करण्यात आले. ही पुरवणी माझ्या यंत्रावर चढविलेलीच नव्हती. ती चढविताच दुसरा गृहस्थ प्रथमच टेबलाशी येऊन बसला. जमीन नितळ दिसू लागली. वेग मात्र पाचाचा सात झाला.

यानंतर मी बंदोबस्ताचे काम पद्धतशीर हाती घेतले. पहिली फिर्याद उन्हाळ्याविरुद्ध होती. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या पठारावर जे ऊन पडते ते डबीच्या आतही पडतेच, आणि विशिष्ट मर्यादेपलीकडे तापताच हा इंटेलचा गाभा स्वसंरक्षणार्थ आपण होऊन मंदावतो. झाकण उघडून पाहिले तो पंख्याखालच्या पन्हाळीत पुण्याची धूळ होती, तीवर वाशीच्या काळ्या मातीचा थर चढला होता, आणि गाभ्यावरचा लेप वाळून त्याची भुकटी झाली होती. फुंकणीने सारे स्वच्छ करून नवा लेप लावल्याबरोबर भर दुपारचे विमान निदान सकाळच्याइतके तरी चालू लागले. विजेच्या बचतीची योजना रद्द करून यंत्रास पूर्ण सामर्थ्याने चालण्याची परवानगी दिली, आणि विमान हवेत असताना विषाणूंची झडती घेण्याचा जो परिपाठ पडला होता तो रात्री अकरानंतरसाठी तहकूब केला.

मग दृश्याच्या तपशिलांची पाळी आली. या कार्यक्रमात प्रत्येक शोभेसाठी एक सरकपट्टी असते, आणि पुतण्याने उदार मनाने त्या सर्व उजव्या टोकाला नेऊन ठेवल्या होत्या. पहिली पाण्याची. तिच्या उच्च प्रतीत लाटांवर आकाशाचे प्रतिबिंब हेलकावे घेते आणि त्या एका विलासापायी पहिला कारकून व ‘ग्राफिक्स कार्ड’ दोघेही मेटाकुटीला येतात. ज्या मुलखाशेजारच्या लातुराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या मुलखातल्या मनुष्याला पाण्याची पट्टी शून्यावर आणताना काय कष्ट होणार? मी ती विनातक्रार डावीकडे सरकविली. त्यामागोमाग रस्त्यावरच्या मोटारी, बंदरातल्या नावा आणि विमानतळावरची परकी विमाने यांना हद्दपार केले. सर्वांत अवघड गेली ती ‘ऑटोजेन’ची पट्टी, कारण झाडे आणि घरे तिच्या हातात असतात आणि बालाघाटावरचे आहे ते झाडसुद्धा आपल्या हाताने काढून टाकणे जिवावर येते, तथापि ‘अत्यंत दाट’वरून ‘विरळ’वर येताच वेग एकदम चौदावर गेला, तेव्हा मी वृक्षप्रेम आवरते घेतले.

यापुढच्या भागात शास्त्र संपते आणि तोडगे सुरू होतात. या कार्यक्रमाच्या पोटात रचनेची एक फाइल असते आणि तीत अमुक ओळ लिहिली असता विमान वाऱ्यासारखे धावते असे सांगणाऱ्या मंडळींचे पंथ-उपपंथ जगभर पसरलेले आहेत. ‘ॲफिनिटी मास्क’ नावाच्या ओळीपुढे ३ लिहिले तर दोन्ही कारकून कामास लागतात, २ लिहिले तर फक्त दुसरा; कोणी तीनाचे उपासक, कोणी दोनाचे, आणि दोघांचाही अनुभव सारखाच अलौकिक. मी दोन्ही आकडे लिहून पाहिले. फरक पडला तो यंत्र सुरू होण्यापूर्वीच्या आशेत.

ज्या एका उपायाने खरोखर गुण आला तो मात्र दिसण्यात उफराटा होता. चित्रांचा वेग ‘अमर्याद’वरून काढून वीस या आकड्यावर बांधून टाकावयाचा. वाटते असे की, ज्याला वीस गाठणे मुश्किल त्याला वीसची मर्यादा घालून काय मिळणार? परंतु मर्यादा नसली की पहिला कारकून मोकळ्या आकाशात उगाच तीस-चाळीस चित्रे रेखाटून दमतो आणि दुसऱ्याने आणलेली जमिनीची चित्रे मांडण्यास उसंतच उरत नाही. मर्यादा घातली की काम संपताच तो थांबतो, आणि त्या फुरसतीत खालची शेते वेळेवर येऊन पोहोचतात. नोकरीत असताना हे तत्त्व मी वरिष्ठांच्या कानी घालून पाहिले होते. तेथे ते मान्य झाले नाही.

एवढा जामानिमा करून मी न्यूयॉर्कवर गेलो. मॅनहॅटनच्या इमारती दृष्टिपथात येताच सेकंदाला चार चित्रे, आणि विमानतळ जवळ येताच दोन! सिअॅटलवरही तीच गत. सधन, सुसज्ज, तपशीलवार आखलेली जी जी म्हणून स्थळे होती तेथे तेथे माझे यंत्र नादार ठरले. अखेरीस मी सोलापूरच्या धावपट्टीवर सेसना विमान उभे केले आणि उत्तरेचा रोख धरून बार्शी डाव्या हाताला व तुळजापूर उजव्या हाताला ठेवीत सुमारे शंभर किलोमीटरांवरच्या माझ्या गावाकडे निघालो. आणि काय सांगावे, विमान लोण्यातून सुरी जावी तसे चालले! अखंड वीस चित्रे! कारण उघड होते. कार्यक्रम रचणाऱ्यांनी आमच्या भागात काहीही केलेले नव्हते. उंच इमारत नाही, पूल नाही, कचेरी नाही. सर्वत्र तपकिरी रंगाचे एकच कापड अंथरलेले, मधूनच एखादी निळसर रेघ दिसली तर तिला मांजरा समजावे आणि चार ठिपके दिसले तर त्यांना वाशी. माझे घर तर नव्हतेच.

प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करण्यासाठी वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ साली आला, आणि तेव्हापासून मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द आमच्या बालकांनाही पाठ आहे. रस्त्यांचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, विजेचा अनुशेष यांनी आम्हांला गांजले हे खरेच. पण या अनुशेषाचा रोकडा फायदा पदरात पडल्याचे उदाहरण शोधू गेल्यास मला आजवर एवढे एकच आढळले आहे. जगातील अत्यंत प्रगत शहरांवर जे यंत्र धापा टाकते ते आमच्यावरून निर्वेध उडते, आणि याचे संपूर्ण श्रेय आमच्याकडे उभारावयाच्या राहून गेलेल्या वस्तूंना आहे.

पुतण्या दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, “काका, २०२० चा नवा सिम्युलेटर पाहा. त्यात अख्खी पृथ्वी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलीय. आपली वाशीसुद्धा सापडेल.” चौकशी करता कळले की त्यास किमान चार कारकून, आठ जीबी स्मृती आणि दीडशे जीबी जागा लागते, शिवाय जमिनीची चित्रे अहोरात्र इंटरनेटवरून यावी लागतात. आमच्याकडे भारनियमनाने वीज जाते आणि तिच्यामागोमाग इंटरनेटही जाते. तेव्हा ऐन येरमाळ्यावर पृथ्वी नाहीशी व्हावयाची. मी त्यास सौजन्याने नकार दिला.

तेव्हा ज्यांच्यापाशी दोन गाभ्यांचे जुने यंत्र असेल आणि नवे घेण्याचा आग्रह ज्यांना घरचे व दुरुस्तीवाले मिळून करीत असतील, त्यांनी प्रथम पंखा साफ करावा, पुरवणी चढवावी, पाणी, मोटारी आणि झाडे कमी करावी, वेग वीसवर बांधावा आणि न्यूयॉर्कच्या वाटेला न जाता सोलापूरहून उत्तरेस निघावे. अर्ध्या तासात वाशी येते. मात्र येथे उतरण्यास धावपट्टी नाही; परतीपुरते इंधन सोबत ठेवावे.