तळ्याचे पैसे वेगळे

विंडरमियर हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. काठावरच्या ‘एशियन’ हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलासाठी केवढी झुंबड! डिसेंबरात तिथे चारच्या आतच सूर्य मावळतो. सात वाजता काचेत दिसतं ते आपलंच भुकेलं तोंड. मेन्यूत सुशी, पॅड थाई आणि चिकन टिक्का मसाला एकाच पंगतीत. आधी येतो पापड, सोबत आंब्याची गोडमिट्ट चटणी नि चिरलेला कांदा. हे फुकट असेल, असा भाबडा समज बिल येईपर्यंत टिकतो.

शेख दीन महंमदाने 1810 मध्ये लंडनला हिंदुस्तानी खाणावळ काढली. 1812 मध्ये दिवाळं निघालं. बिचाऱ्याकडे तळं नव्हतं!

एक मात्र लक्षात ठेवा: दारूचा परवाना असलेल्या हॉटेलाला मागितल्यास नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. बिनधास्त मागा.