बोरीचा रेल्वेसाहेब

गणित शिकविण्यात ज्यांची हयात गेली अशा माणसांनी सेवानिवृत्तीनंतर पर्यटनाच्या वाटेला जाऊ नये, आणि गेलेच तर निदान स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला सोबत नेऊ नये, असे माझे फार दिवसांचे मत आहे. परंतु घरात माझ्या मताला जी किंमत आहे ती लक्षात घेता, ते मी प्रकट करण्यापूर्वीच यवतमाळ ते मूर्तिजापूर हा शकुंतला रेल्वेचा 113 किलोमीटरांचा मार्ग खंडाखंडाने पायी चालण्याचा ठराव माझ्या मेहुण्यांनी मांडावा, माझ्या पत्नीने त्यास अनुमोदन द्यावे आणि माझ्या पायांच्या मापाचे बूट माझे पाय न विचारता खरेदी होऊन यावेत, यात नवल करण्यासारखे काही नव्हते.

कल्पना सातासमुद्रापलीकडची. मेहुण्यांचे चिरंजीव अमेरिकेत असतात आणि वडिलांची प्रकृती उत्तम राहावी म्हणून तेथून नाना उपद्व्याप कळवीत असतात. जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगरमाथ्यांवरून गेलेली सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची अ‍ॅपलेशियन ट्रेल नावाची पायवाट तिकडे आहे. बेंटन मॅके नावाच्या गृहस्थांनी 1921 साली ती कागदावर सुचविली आणि 1937 साली ती प्रत्यक्षात पुरी झाली. नोकरीधंद्याची माणसे ती एका दमात न चालता तुकड्यातुकड्यांनी चालतात, आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला आधीच सायकल ठेवून परतीची सोय करतात. यात आम्हाला अपूर्व असे काही वाटण्याचे कारण नव्हते, कारण नर्मदेची खंडपरिक्रमा करणारे भाविक आमच्या नात्यातच निघतील; पण नर्मदा लांब, आणि तिच्या काठी पुण्य लागण्याचा संभव अधिक. शकुंतलेचा मार्ग घरापासून सुरू होतो आणि त्याला चढ नसतो, हा मेहुण्यांचा युक्तिवाद. सावलीही नसते, हे मला नंतर कळले.

सायकलीचे गणित मात्र खास त्यांचे. सायकल एक, माणसे दोन. ‘अ’ने सायकलीवरून खंडाचे पुढचे टोक गाठावे, तेथे सायकलीला कुलूप घालावे आणि मागे चालत यावे, त्याच वेळी ‘ब’ने अलीकडच्या टोकाकडून पुढे चालत जावे, मध्ये भेट होताच ‘अ’ने ‘ब’ला किल्ली द्यावी, ‘ब’ने पुढे जाऊन सायकल सोडवावी आणि तिच्यावरून परत यावे. दोघांचेही सर्व अंतर पायी होते, आणि एसटीचे भाडे वाचते. शाळेच्या पुस्तकातील अ आणि ब यांना तहान लागत नाही, त्यांच्या टाचांना फोड येत नाहीत आणि भेट झाल्यावर ‘पाणी तुझ्याकडे होते की माझ्याकडे’ हा वाद ते घालीत नाहीत, ही उणीव मी दाखवून दिली, तेव्हा मेहुणे म्हणाले, “भाऊजी, तुम्ही ब आहात.” हे ते आमच्या विवाहापासून सूचित करीत आले आहेत.

ज्या 1921 साली मॅके महाशय पायवाटेचा प्रस्ताव लिहीत होते, त्याच साली मॅन्चेस्टरात एक वाफेचे इंजिन तयार होत होते, आणि 1923 पासून 15 एप्रिल 1994 रोजी डिझेल इंजिनाच्या हाती कारभार सोपवीपर्यंत त्या एका इंजिनाने शकुंतलेची गाडी ओढली. मार्गाची रुंदी अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मेहुण्यांनी ती खिशातल्या फितीने जागोजाग मोजून पाहिली व प्रत्येक वेळी समाधान व्यक्त केले. वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून मॅन्चेस्टरच्या गिरण्यांस पोचावा, म्हणून किलिक, निक्सन आणि कंपनीने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. पुढे 1951-52 साली देशातील रेल्वेंची पुनर्रचना झाली, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारने चालवावी आणि मोबदला कंपनीला द्यावा, असा हा संसार. तिकिटे देणे, डबे सोडणे-जोडणे, फाटक लावणे ही सारी कामे मूठभर माणसे आळीपाळीने करीत, आणि चालत्या गाडीतून उतरून, शेतातील बोरे खिशात भरून पुन्हा गाडीत बसल्याच्या कथा सांगणारा इसम यवतमाळात दर चौकास एक आढळतो. ती गाडी आता थांबली आहे. रूळ कोठे गवतात, कोठे मातीत, कोठे कोणाच्या बकऱ्यांच्या मालकीत आहेत. रुळांवरून चालणे कायद्याने गुन्हा असल्याने मी बाजूच्या धुऱ्याने चाललो. गुन्हा भारत सरकारचा होतो की कंपनीचा, याचा निवाडा मेहुण्यांनाही करता आला नाही.

यवतमाळ ते लासिना या पहिल्या खंडाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तो सुखरूप पार पडला, यापलीकडे साहित्याला त्याचा उपयोग नाही. दुसरा खंड लासिन्यापासून, लिंगटीवरून, पुढे रुळांचा नाद सोडून शेतवाटेने बोरी अरबपर्यंत. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचे, अडाण नदीच्या आधाराने वसलेले हे गाव खंडाच्या टोकासाठी मेहुण्यांनी निवडले, कारण तेथे चहा चांगला मिळतो अशी त्यांची माहिती होती. पौषाचे दिवस होते. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या आणि वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून कापसात उभ्या होत्या. सृष्टिसौंदर्य येथे संपले.

लिंगटीच्या अलीकडे आमची शास्त्रोक्त भेट झाली. मेहुण्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, सायकल बोरीच्या बसथांब्याजवळील हॉटेलासमोर, निंबाच्या खोडाशी असल्याचे निवेदन केले, पाणी त्यांच्याकडेच असल्याचे दाखवून दिले आणि ते स्लीपर मोजीत, प्रत्येक शंभरास वहीत रेघ ओढीत, अंतर्धान पावले. उन्हे कलता मी बोरीस पोचलो. हॉटेल होते. निंब होता. खोडही जागच्या जागी होते. सायकल नव्हती.

कालिदासाच्या नाटकात अंगठी हरवते आणि शकुंतला दरबारात हजर असते. माझ्या हाती अंगठी शाबूत होती आणि शकुंतलेचा पत्ता नव्हता.

“सायकल ना?” हॉटेलवाले चहा गाळता गाळता म्हणाले. “थे तं नेली ना बाप्पा, सुरक्षित ठिकानी. बसा साहेब, चहा घ्या.”

साहेब हे संबोधन मला ऑफिसातदेखील फारसे कोणी लावीत नसे. ते येथे का लागले याचा उलगडा चहाच्या दुसऱ्या घोटास होऊ लागला. सकाळी एक वयस्क गृहस्थ सायकलीवरून येतात, फीत काढतात, वहीत आकडे लिहितात आणि सायकल टाकून रुळांच्या दिशेने चालू लागतात. तिकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेचे काम चालू, आणि शकुंतलेची रुंदी वाढण्याच्या वार्ता वर्षानुवर्षे कानावर. यावरून सुज्ञ माणसाने जे अनुमान काढावे तेच बोरीने काढले होते. मोजणीचे साहेब आले. साहेबांची सायकल म्हणजे सरकारी मालमत्ता. ती बेवारस दिसू नये म्हणून एका सद्गृहस्थाने ती कुलपासकट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि आपल्या वाड्यात नेऊन ठेवली, आणि मग तोच ट्रॅक्टर घेऊन ते दारव्ह्यास गेले. सायकल आजवर इतकी सुरक्षित कधीच नव्हती. ती माझ्यापासूनही सुरक्षित होती.

आपण रेल्वेचे नसून हौसेने चालणारे आहोत, असे मी स्पष्टपणे सांगितले. हॉटेलात क्षणभर शांतता पसरली. मग एक शेतकरी समजूतदारपणे म्हणाला, “नाही सांगत साहेब लोक. सांगाले मनाई असते त्यायले.” माझ्या भोवती पंधरावीस माणसे जमली. कोणाचे शेत हद्दीत येते, कोणाच्या विहिरीचा मोबदला मागच्या खेपेस राहिला, कोणाच्या आजोबांच्या नावाची नोंद सातबाऱ्यावरून गहाळ झाली, याची कैफियत मी ऐकून घेतली. एकाने लिहिलेला अर्ज खिशातून काढून माझ्या हाती दिला आणि पोच मागितली. मी पोच दिली. पायांना फोड आलेला माणूस बसायला खुर्ची मिळत असेल तर कोणत्याही खात्याचा अंमल स्वीकारतो.

मग सायकलीच्या शोधार्थ आमची स्वारी त्या वाड्यावर गेली. दारात सद्गृहस्थांच्या मातोश्री बसल्या होत्या, नव्वदीच्या घरातल्या, नजरेने शाबूत. “हाय ना सायकल,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आतील खोलीचे दार दाखविले. दार उघडले. आत कापूस होता. जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्या दिवशीची आणि त्या आधीच्या कित्येक दिवसांची वेचणी पांढरीशुभ्र रचून ठेवलेली. सायकल सकाळी रिकाम्या कोपऱ्यात ठेवली होती; दुपारी बाया ओट्या घेऊन आल्या, वजन झाले, आणि कोपरा भरला. हँडलचे एक टोक तेवढे वर दिसत होते, तेही दाखविल्यावर.

कापसात पाय देऊन चालत नाही. घरात आलेली लक्ष्मी आहे, आणि लक्ष्मीवर बूट घालून कोणी चढत नाही. शिवाय साखळीचे तेल लागलेला कापूस जिनिंगवाला निराळा काढतो आणि भाव पाडतो. सबब माझ्यापुढे एकच उपाय उरला. बूट काढून, दारातून सुरुवात करून, कोपऱ्याच्या दिशेने कापूस ओंजळीओंजळीने एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सारणे. दोन नातवंडे मदतीला आली आणि तासाभरात आम्ही सीटपर्यंत पोचलो. अडीच फुटी रेल्वेचे सारे प्रयोजन ज्या वस्तूने निर्माण केले होते, त्या वस्तूत मी आता कंबरेएवढा उभा होतो; नाकात, भुवयांत, चष्म्याच्या काड्यांत ती शिरली होती. मेहुण्यांचा फोन आला. “ब कोठे आहे?” “कापसात,” मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ते बहुधा अंतर काढीत असावेत.

चाके मोकळी झाली तेव्हा आजीबाई कंदिलासारखा मोबाइल धरून आत आल्या आणि स्पोकांत गुंतलेली बोंडे एकेक सोडवू लागल्या. एकही बोंड त्या टाकीत नव्हत्या. सोडविता सोडविता म्हणाल्या, “मोजून राह्यले ना तुमी? कवा चालू होते मंग गाडी?”

मी पुन्हा सांगू लागलो की मी रेल्वेचा नव्हे. त्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकून सोडून दिले. त्यांची लेक मूर्तिजापूरकडे दिली आहे. गाडी होती तेव्हा त्या डब्यात गठुडे घेऊन बसत, दिवसभर हळूहळू जात, पण बसायला जागा मिळे आणि पैसे थोडे लागत. वाटेत कोणी ओळखीचे भेटेच. बसमध्ये त्यांना उभे राहवत नाही, आणि बदली गाडीची धावपळ या वयात होत नाही. लेकही आता म्हातारी झाली आहे. “तिले येता येत नाही, मले जाता येत नाही,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या बाहीवरचे बोंड काढून त्यांनी राशीत टाकले. “लवकर कराल तं बरं होईन.”

यावर काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. शंभर वर्षांपूर्वी कापसाला मॅन्चेस्टरला जाण्याची घाई होती म्हणून एक कंपनी उभी राहिली आणि रूळ टाकले गेले. एका आईला लेकीकडे जाण्याची घाई आहे, तिच्यासाठी कंपनी कोण उभी करणार! मी सायकलीच्या साखळीकडे पाहत राहिलो. तिच्यात कापूस गच्च भरला होता, आणि पेडल फिरत नव्हते.

सद्गृहस्थ दारव्ह्याहून परतले तेव्हा रात्र झाली होती. त्यांनी माझी क्षमा मागितली, मी त्यांचे आभार मानले, आणि सायकलीचे नुकसान कोणी भरून द्यावे याविषयी दोघांनीही इतका आग्रह धरला की अखेर ते कोणीच भरून दिले नाही. भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय निघता येणे शक्यच नव्हते. कुलूप मात्र पहिल्या फटक्यात उघडले. एवढ्या दिवसभरात मेहुण्यांच्या योजनेतला हा एकच भाग योजनेबरहुकूम पार पडला.

बंद पेडलांची सायकल शेवटच्या बसच्या टपावर चढविण्यास अर्धी बोरी हजर होती. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता माझ्या भुवयांतील कापसाकडे पाहिले, टपावरच्या सायकलीकडे बोट दाखविले आणि हलक्या आवाजात विचारले, “रेल्वेचे ना तुमी? बोरीले गाडी थांबवजा बरं. लय म्हातारे लोकं हायेत आमच्याकडे.”

“थांबवू,” मी म्हणालो, आणि सायकलीचे भाडे त्याने मागितले नसतानाही पुरेपूर मोजून दिले; आधी मंजुरी द्यायची आणि मग बदल्यात फुकट प्रवास करायचा, हे आमच्या खात्याला शोभले नसते.